आज वीस किलोवॅट, उद्या पन्नास : व्यावसायिक सौर संचाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही गिरण्या, डाळ मिल, जिनिंग, दूध संकलन केंद्रे आणि गावातील दुकाने यांच्या छतावरील सौर संचांविषयी प्रश्न मागवले होते. कारंजा, आर्वी, दारव्हा, मोर्शी, गोंदिया आणि दर्यापूर अशा विदर्भाच्या सर्व बाजूंनी पत्रे आली. पत्रे निरनिराळी असली तरी बहुतेकांचा मनसुबा एकच दिसला : आज हातात आहे तेवढ्या भांडवलात संच बसवायचा आणि धंदा वाढेल तसा तो वाढवत न्यायचा. हा मनसुबा योग्यच आहे. मात्र माहितीपत्रकावर ‘एक्स्पांडेबल’ (वाढवता येणारा) असे छापलेला इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी वीज करणारे यंत्र) घेतला म्हणजे संच वाढवण्याजोगा झाला, असा जो समज पसरला आहे, तो दूर व्हावा या हेतूने या वेळी निवडक सहा पत्रांची उत्तरे सविस्तर देत आहे.

प्रश्न : आमची तुरीची डाळ मिल आहे. मंजूर भार ५० किलोवॅट आहे. सध्या २० किलोवॅटपुरतेच पैसे आहेत आणि दोन-तीन वर्षांत ५० पर्यंत जायचे आहे. एक विक्रेता म्हणतो की इन्व्हर्टर आताच ५० चा घ्या, पॅनेल पुढे लावत राहा. दुसरा म्हणतो, आता २० चा घ्या, पुढे त्याच्या शेजारी दुसरा बसवू. कोणाचे ऐकावे?
(वाचक, कारंजा लाड, जि. वाशिम)

उत्तर : माझ्या मते दुसऱ्याचे ऐकावे, पण काही अटींवर.

५० किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर २० किलोवॅटचे पॅनेल चालतात, त्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण वेगळी आहे. न वापरलेल्या ३० किलोवॅटची वॉरंटी आजपासूनच संपू लागते, म्हणजे तुम्ही उरलेले पॅनेल लावाल तेव्हा इन्व्हर्टरच्या वॉरंटीची दोन-तीन वर्षे वाया गेलेली असतील. शिवाय एकच मोठा इन्व्हर्टर बिघडला तर संपूर्ण संच बंद पडतो. नागपूर किंवा अकोल्याहून तंत्रज्ञ येणार, तो कार्ड काढून नेणार आणि कार्ड कंपनीकडून बदलून येणार, यात भर हंगामात पंधरा दिवस सहज जातात. दोन किंवा तीन इन्व्हर्टर असतील तर एक बंद पडल्यावरही बाकीच्यांची वीज मिळत राहते.

आणखी एक कारण पॅनेलचे आहे. आज तुम्हाला ५५० वॅटचे पॅनेल मिळतील. तीन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात सापडेल, याचा भरवसा धरू नये. एकाच मालिकेत, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, वेगवेगळ्या प्रवाहाची पॅनेल जोडली तर सर्वांत कमी प्रवाहाचे पॅनेल संपूर्ण मालिकेला आपल्या पातळीवर आणते. नवीन पॅनेलसाठी नवीन इन्व्हर्टर असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्याच इन्व्हर्टरवर जागा शिल्लक असेल, तरी नवीन पॅनेलची मालिका वेगळ्या एमपीपीटीवर (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणाऱ्या इन्व्हर्टरच्या स्वतंत्र जोडभागावर) घ्यावी.

आता अटी. इन्व्हर्टर नंतर घेता येतो. जमिनीत पुरलेली केबल मात्र नंतर जाड करता येत नाही, ती उकरून नवीनच टाकावी लागते. २० किलोवॅटला ४१५ व्होल्टवर साधारण २८ अँपिअर प्रवाह वाहतो, ५० किलोवॅटला ७० अँपिअर. त्यामुळे शेडपासून मीटरपर्यंतची मुख्य केबल पहिल्याच दिवशी ७० अँपिअरच्या हिशेबाने टाकावी, आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता ५० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल घ्यावी. एसी वितरण पेटीतील बसबार (सर्व जोड एकत्र येतात त्या धातूच्या पट्ट्या) १०० अँपिअरचे घ्यावेत आणि पेटीत आणखी दोन ब्रेकरची जागा रिकामी ठेवून घ्यावी. छतावरून खाली येणारा एक जास्तीचा रिकामा पाइप आताच बसवून त्यात जीआय तार ओढून ठेवावी. तीन वर्षांनी नवीन केबल त्या तारेला बांधून अर्ध्या तासात खाली घेता येते, नाहीतर भिंत फोडावी लागते. अर्थिंगचे खड्डे डीसी बाजूसाठी, एसी बाजूसाठी आणि तडितरोधकासाठी स्वतंत्र असावेत व ते पूर्ण ५० किलोवॅट डोळ्यांसमोर ठेवून करावेत. या सर्वांचा जास्तीचा खर्च आज इन्व्हर्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे.

टिनाच्या शेडचाही विचार आधीच व्हावा. ५५० वॅटचे एक पॅनेल सुमारे २७-२८ किलो वजनाचे असते आणि ५० किलोवॅटला अशी ९१ पॅनेल लागतात. शेडच्या कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) हे वजन आणि त्यावर मे-जूनमधील वादळाचा जोर पेलतील काय, हे स्थापत्य अभियंत्याकडून लेखी घ्यावे आणि तपासणी २० नव्हे तर ५० किलोवॅटची करून घ्यावी.

मालिकेची लांबी ठरवताना ठेकेदार अनेकदा उन्हाळ्याचा विचार करतात, पण धोका थंडीत असतो. पॅनेल थंड झाले की त्याचे व्होल्टेज वाढते. अशा पॅनेलचे खुले (भार न जोडता मोजलेले) व्होल्टेज २५ अंशांना साधारण ५० धरले तर १८ पॅनेलच्या मालिकेचे ९०० होते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा ८ अंशांवर येतो तेव्हा ते ९४०-९४५ पर्यंत चढते. इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्टची असेल तर १८ पॅनेल ठीक आहेत, २० पॅनेल नाहीत. २० किलोवॅटसाठी १८-१८ च्या दोन मालिका, म्हणजे ३६ पॅनेल, हा हिशेब नेमका बसतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार नेट मीटरिंगच्या (जास्तीची वीज लाइनला देऊन ती बिलात वळती करून घेण्याच्या) संचाची क्षमता आपल्या मंजूर भारापेक्षा किंवा करारातील मागणीपेक्षा अधिक असता कामा नये. पुढची ३० किलोवॅटची वाढ म्हणजे महावितरणकडे पुन्हा अर्ज आणि पुन्हा तपासणी. तुमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तोपर्यंत इतर ग्राहकांचे किती संच जोडले गेले आहेत, हेही तेव्हा पाहिले जाईल, याची कल्पना असू द्यावी.

प्रश्न : आमच्या तेलघाण्यावर दोन वर्षांपासून २५ किलोवॅटचा संच व्यवस्थित चालू आहे. यंदा त्याच्या शेजारी आणखी २५ चा इन्व्हर्टर जोडला. तेव्हापासून रविवारी, घाणा बंद असताना, दुपारी बाराच्या सुमारास दोन्ही इन्व्हर्टर आळीपाळीने बंद पडतात आणि ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असे दाखवतात. कंपनीचा माणूस इन्व्हर्टर सदोष नाही असे म्हणतो.
(वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : कंपनीचा माणूस बरोबर सांगत आहे. दोष इन्व्हर्टरचा नाही, तारेच्या लांबीचा आहे, आणि संच वाढवताना हा मुद्दा विचारात घेतला गेला नाही, असे दिसते.

वीज मीटरकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला आपले व्होल्टेज लाइनपेक्षा थोडे चढे ठेवावे लागते. केबल जितकी लांब आणि बारीक व प्रवाह जितका जास्त, तितके हे चढे व्होल्टेज अधिक. तुमच्या पत्रात मीटरपासून शेडपर्यंत २०० मीटर अंतर आणि ५० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल असे लिहिले आहे. अशा केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.६४ ओहम असतो. २०० मीटरला ०.१३ ओहम. ७० अँपिअरवर प्रत्येक फेजला ९ व्होल्टची भर पडते आणि केबल तापल्यावर ती १०-११ होते. आठवड्यात घाणा चालू असताना बरीचशी वीज जागच्या जागी खपते, म्हणून काही जाणवत नाही. रविवारी सर्व वीज बाहेर जाते; त्याच वेळी गावातील इतर भारही कमी असल्याने लाइनचे व्होल्टेज आधीच २५२-२५५ असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या तांत्रिक मानकांनुसार व्होल्टेज ठरीव पातळीच्या ११० टक्क्यांवर गेले की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाइनपासून वेगळे व्हायलाच हवे. २४० चे ११० टक्के म्हणजे २६४. तुमचे गणित नेमके तिथे पोहोचते. २५ किलोवॅट असताना ही भर निम्मी होती, म्हणून दोन वर्षे त्रास झाला नाही.

उपाय क्रमाने करावेत. प्रथम रविवारी दुपारी बारा वाजता मीटरजवळ आणि इन्व्हर्टरजवळ अशी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी व्होल्टेजची नोंद घ्यावी. मीटरजवळच २५८-२६० असेल तर त्या नोंदीसह महावितरणच्या उपविभागाकडे अर्ज करून डीपीचे टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याचे जोड) तपासण्याची विनंती करावी. मीटरजवळ २५० आणि इन्व्हर्टरजवळ २६२ असे दिसले तर केबलची दुसरी समांतर ओळ टाकण्यावाचून खरा उपाय नाही. जोड सैल किंवा काळा पडलेला असल्यास तेही पाहावे. तापलेला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) व्होल्टेजच्या मोजणीतही दिसतो. कोणी इन्व्हर्टरमधील ‘ग्रिड कोड’ (लाइनच्या व्होल्टेजच्या मर्यादा ठरवणारी मांडणी) बदलून मर्यादा २८० करून देतो म्हणत असेल, तर कृपया तसे करू देऊ नका. त्याच लाइनवर शेजाऱ्यांचे पंखे, फ्रिज आणि टीव्ही असतात.

प्रश्न : भर उन्हात लाइन गेली की आमचा सोलरही बंद पडतो. मंगल कार्यालयात कार्यक्रम चालू असताना डिझेल जनरेटर लावावा लागतो. मग सोलरचा उपयोग काय?
(वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमचा इन्व्हर्टर ग्रिडशी जोडलेला, बॅटरी नसलेला आहे. लाइन गेल्यावर त्याने बंद होणे ही सक्तीची सुरक्षा आहे, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून आलेली वीज दिसत नाही. जनरेटर चालू असताना सौर वीज वापरायची असेल तर जनरेटरच्या बसबारवर संच जोडून त्यावर नियंत्रक बसवता येतो. हा नियंत्रक जनरेटरवर किमान ३० टक्के भार राहील अशा बेताने सौर वीज कमी-जास्त करतो. असा नियंत्रक न बसवता दोन्ही एकत्र जोडल्यास जास्तीची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरून तो खराब होतो. वर्षातील लग्नतिथी मोजक्या असतील, तर मात्र दिवे, पंखे आणि ध्वनियंत्रणेपुरता एक छोटा हायब्रिड (लाइन गेल्यावर बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर व बॅटरी हा अधिक स्वस्त मार्ग ठरेल.

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्रावर ५ किलोवॅटचे दोन हायब्रिड इन्व्हर्टर समांतर जोडलेले आहेत आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या तीन लिथियम बॅटऱ्या आहेत. रात्री लाइन गेल्यावर बल्क कूलरचा (दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचा) तीन एचपीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की पुष्कळदा सगळेच बंद पडते. विक्रेता तिसरा इन्व्हर्टर घ्यायला सांगतो. त्याने फरक पडेल काय?
(वाचक, मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : तिसरा इन्व्हर्टर घेण्याची घाई करू नये. मागील उन्हाळ्यात असाच त्रास असलेल्या एका केंद्रावर मी स्वतः गेलो होतो आणि तिथे जे दिसले ते तुमच्याकडेही असण्याची शक्यता मोठी आहे.

तिथेही तीन बॅटऱ्या एकावर एक रॅकमध्ये होत्या. इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या धन आणि ऋण अशा दोन्ही जाड केबल सर्वांत वरच्या बॅटरीला जोडलेल्या होत्या आणि तिच्यापासून खालच्या दोघींना छोट्या जोडतारा गेल्या होत्या. कॉम्प्रेसर चालू असताना क्लॅम्प मीटर एकेका बॅटरीच्या तारेला लावून पाहिला, तर वरची ६२ अँपिअर देत होती, मधली ४३ आणि खालची ३२. वास्तविक प्रत्येकीने साधारण ४५ द्यायला हवे होते. जिच्यापर्यंतची वाट सर्वांत लहान, तिच्यावर भार सर्वांत जास्त, हा विजेचा साधा नियम आहे. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. त्या झटक्यात वरची बॅटरी तिच्या १०० अँपिअरच्या मर्यादेपलीकडे जात होती आणि तिच्यातील बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) तिला तोडत होते. मग संपूर्ण भार उरलेल्या दोघींवर पडून त्याही तुटत होत्या. इन्व्हर्टरची क्षमता पुरेशी होती, त्यामुळे तिसरा इन्व्हर्टर लावूनही रात्री अंधारच झाला असता.

आम्ही तांब्याच्या दोन बसबार पट्ट्या लावल्या, प्रत्येक बॅटरीपासून बसबारपर्यंत सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या केबल घेतल्या, आणि दोन्ही इन्व्हर्टरलाही बसबारपासून समान लांबीच्या केबल दिल्या. पुन्हा मोजले तेव्हा ४७, ४५ आणि ४५ आले. कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारे उपकरण) लावल्यावर झटकाही बराच उतरला. त्या रात्री लाइन गेली आणि कूलर चालू राहिला, तेव्हा केंद्रावरील मंडळींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला, कारण आदल्या आठवड्यात त्यांचे एका रात्रीचे दूध नासले होते.

तुम्ही पुढे खरोखरच तिसरा इन्व्हर्टर जोडणार असाल, तर तो त्याच मॉडेलचा आणि त्याच सॉफ्टवेअर आवृत्तीचा असावा. आवृत्ती वेगळी असल्यास समांतर जोडणी होतच नाही किंवा मध्येच तुटते. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती इन्व्हर्टर जोडता येतात, ते पाहावे. तीन फेजवर जायचे असल्यास प्रत्येक फेजला किमान एक, असे तीन इन्व्हर्टर लागतात. पण मग तीन एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर एकट्या ५ किलोवॅटवर येतो आणि हे विक्रेते बहुधा सांगत नाहीत. नवीन लिथियम बॅटरी जोडताना जुन्या व नव्या दोन्ही पूर्ण चार्ज करून, व्होल्टेज सारखे झाल्यावरच बसबारला लावाव्यात. लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या संचात मात्र दोन वर्षांनी नवीन बॅटऱ्या मिसळू नयेत. जुन्या बॅटऱ्या नव्यांनाही लवकर थकवतात.

प्रश्न : भात गिरणीसाठी अनुदान मिळते काय?
(वाचक, गोंदिया)

उत्तर : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान फक्त घरगुती ग्राहकांना आहे, गिरणीला नाही. व्यवसायाला मिळणारा मोठा लाभ आयकरातील ४० टक्के दराचा घसारा हा आहे. मात्र संच त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणून काम फेब्रुवारीत पूर्ण करण्यापेक्षा सप्टेंबरपूर्वी झालेले बरे. सौर उपकरणांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराचे कोटेशन हाती असल्यास ते बदलून मागावे.

प्रश्न : आमच्या जिनिंगवर ४० किलोवॅटचा संच आहे. एप्रिल-मेमध्ये एवढे ऊन असूनही दुपारी एक ते तीन आलेख सपाट होतो. निर्मिती कमी पडते म्हणून आणखी २० किलोवॅट वाढवावे, असा सल्ला मिळाला आहे. आमचा हंगाम दिवाळीपासून मार्चपर्यंत असतो.
(वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. हवेत ४५ अंश असताना पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांवरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के शक्ती घटते, म्हणजे मे अखेरच्या नवतपात पंधरा टक्क्यांच्या आसपास घट ही स्वाभाविक आहे. परंतु सपाट आलेखाचे कारण बहुधा दुसरेच आहे. इन्व्हर्टर स्वतः तापला की स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात दोन इन्व्हर्टर शेडच्या पश्चिमेकडील टिनाच्या भिंतीवर एकाच्या वर एक लावलेले आहेत. खालच्याची गरम हवा वरच्यात जाते आणि दुपारनंतर भिंतच तव्यासारखी तापते.

आणखी बारकाईने पाहिल्यावर वरच्या इन्व्हर्टरच्या पंख्याच्या जाळीवर पांढरट लेप दिसतो. ती रुईची धूळ आहे. हंगामातील चार-पाच महिने ती उडत राहते आणि कूलिंग फिनच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींत नमद्यासारखी घट्ट बसते. संच बंद करून, डीसी व एसी अशा दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (वीज तोडणारे स्विच) उतरवून, मऊ ब्रश आणि ब्लोअरने ती हंगामात दर पंधरा दिवसांनी काढावी. दोन्ही इन्व्हर्टर उत्तरेकडील विटांच्या भिंतीवर, शेजारी-शेजारी, मध्ये किमान अर्धा मीटर अंतर ठेवून हलवावेत, आणि पुढे तिसरा बसेल एवढी जागा त्याच ओळीत सोडावी.

पॅनेल धुण्यासाठी तुम्ही बोअरचे पाणी वापरता असे लिहिले आहे. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येते; त्या पाण्याचा पांढरा थर काचेवर चढत गेला की तो नुसत्या पाण्याने निघत नाही. साठवलेले पावसाचे पाणी किंवा नळाचे पाणी वापरावे, आणि तेही सकाळी काच थंड असताना, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास तिला तडा जाऊ शकतो.

राहिला प्रश्न २० किलोवॅट वाढवण्याचा. आपल्या भागात एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देते, म्हणजे ४० किलोवॅटचे ५६,००० युनिट. जिनिंगला नेट मीटरिंगचा हिशेब अनुकूल आहे, कारण एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जमा झालेली युनिट त्याच आर्थिक वर्षात, नोव्हेंबर ते मार्चमध्ये वापरता येतात. तुम्हाला टाइम ऑफ डे दर (दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा वीजदर) लागू असेल तर कोणत्या वेळेची युनिट कोणत्या वेळेत वळती होतात, ते बिलावर तपासावे. ३१ मार्चला जी युनिट शिल्लक उरतात, त्यांना आयोगाने ठरवलेला दर मिळतो आणि तो तुमच्या खरेदी दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून मागील दोन वर्षांची मार्चची बिले काढून पाहावीत. दोन्ही वर्षी शिल्लक शून्य असेल आणि नोव्हेंबरनंतर पैसे भरावे लागले असतील, तरच इन्व्हर्टर हलवून व साफ करून एक संपूर्ण उन्हाळा गेल्यानंतर वाढीचा अर्ज करावा.